लंगडणं थांबल्यानंतरचे नऊ महिने

शर्यतीतून काढलेला, पाय दुखावलेला घोडा घरी आणायचं ठरलं की लोक पहिल्यांदा औषधाचं विचारतात. मी त्यांना आधी तारखा सांगते. पुढच्या पायाचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, गेलेला घोडा साधारण महिना-दोन महिन्यांत लंगडायचा थांबतो. तो टेंडन भरून यायला मात्र नऊ महिने ते वर्ष लागतं. या दोन तारखांच्या मधे घोडा छान दिसतो, अंग भरतं, खिंकाळतो, उड्या मारतो, आणि मालकाला वाटतं झालं बरं. माझ्याकडे दुसऱ्यांदा टेंडन तुटून आलेले बहुतेक घोडे याच मधल्या काळात दुखावलेले होते.

मी सासवडच्या पुढे, पुरंदरच्या कोरडवाहू पट्ट्यात राहते. आमच्याकडे येणारे घोडे सगळे थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचे, पुणे-मुंबईच्या शर्यतींतले. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा नोव्हेंबर ते एप्रिल. त्यामुळे घोडे दोन लाटांत येतात, एक दिवाळीच्या आसपास आणि दुसरी ऐन उन्हाळ्यात. दिवाळीत आलेल्या घोड्याला पुढे कोरडे, थंड महिने मिळतात आणि त्याचं काम सोपं जातं. उन्हाळ्यात आलेला घोडा जेमतेम रुळतो तोच पाऊस सुरू होतो, म्हणून त्याच्यासाठी कोरडी जागा आधी तयार हवी.

आणण्याआधी ट्रेनरला आणि सईसला दोघांनाही विचारा, आणि वेगवेगळं विचारा. घोड्याच्या अंगावर रोज हात फिरवतो तो सईस. कुठला पाय सकाळी गरम असायचा, उठताना कुठल्या पायावर भार टाळायचा, चंदी कशी खातो, चमकतो कशाला, हे त्याला ठाऊक असतं. ट्रेनरकडून कागद घ्या: पासपोर्ट, लसीकरण, मायक्रोचिपचा नंबर, शेवटची नाल कधी बदलली, आणि सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर कधी आणि कुठल्या सांध्यात. इंजेक्शनचा असर असेपर्यंत घोडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. वाहतुकीआधी ग्लँडर्सची तपासणी झाल्याची खात्री करा. हा रोग माणसालाही होतो, आणि 2009च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार तो सरकारला कळवावा लागतो.

घोडा उतरल्यावर त्याला एक-दोन दिवस शांत राहू द्या, मग दुडकीवर बघा. चालताना हलकं लंगडणं लपतं, दुडकीत ते उघडं पडतं. कडक, सपाट जमिनीवर, सैल दोरीनं, सरळ रेषेत, आधी तुमच्यापासून लांब आणि मग तुमच्याकडे. डोक्याकडे बघा. दुखरा पुढचा पाय टेकतो तेव्हा डोकं वर जातं, चांगला पाय टेकतो तेव्हा खाली येतं. मागचा पाय असेल तर कमरेकडे बघायचं, दोन्ही बाजू सारख्या वरखाली होत नाहीत. घोडा चालतानाच लंगडत असेल तर मात्र दुडकीवर घालूच नका, सरळ डॉक्टरांना बोलवा.

नंतर हात. गुडघ्याखाली पुढच्या पायात स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, सांधे, आणि मागच्या बाजूनं उतरणारे टेंडन. पाय उचलून घ्या, म्हणजे टेंडन सैल पडतो, आणि अंगठा व बोटं यांच्या चिमटीत वरून खाली बोटभर-बोटभर दाबत या. दुसऱ्या पायाशी ताडून बघा. गरम लागतंय, जाड लागतंय, दाबल्यावर पाय झटकतोय, असं जिथे होईल तिथे खडूनं खूण करा. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना, रक्तवाहिनीचे ठोकेही बोटाला लागतात. निरोगी घोड्यात ते शोधावे लागतात. ते जोरात उडत असतील तर दुखणं बहुधा खुरात आहे.

खुराची शंका शेवटी ठेवू नका. काल धड असलेला घोडा आज पाय टेकत नाही, असं झालं की मनात पहिलं फ्रॅक्चर येतं, पण अनेकदा खुरात पू झालेला असतो. ते नालबंदानं आणि डॉक्टरांनी मिळून बघायचं. पू निघाला, खूर मीठ किंवा एप्सम सॉल्टच्या कोमट पाण्यात बुडवून शेकला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, की तोच घोडा काही दिवसांत चालायला लागतो.

टेंडनच गेला असेल, तर अल्ट्रासाउंड करायलाच हवा, पैसे दुसरीकडे वाचवा. दुखापतीनंतर आठ-दहा दिवसांनी पहिला करतात, कारण त्याआधी नुकसान अजून वाढत असतं आणि कमी दिसतं. टेंडनच्या आत काळा डाग दिसतो, ती धागे तुटलेली जागा. डॉक्टर तिची लांबी आणि आडव्या छेदात तिनं किती भाग व्यापलाय हे मोजतात. तो कागद जपून ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्याच्याशी ताडून घ्यायचे आहेत. तुमच्या भागात घोड्यांचे डॉक्टर नसतील तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय इथे चौकशी करा.

आता हा वेळ का लागतो, ते समजून घेतलं तर धीर धरता येतो. टेंडनला रक्तपुरवठा कमी. तुटलेल्या जागी शरीर पहिल्या काही आठवड्यांत घाईघाईनं जे कोलॅजन भरतं ते कमकुवत प्रकारचं असतं, आणि त्याचे धागे काथ्याच्या गुंत्यासारखे आडवेतिडवे बसतात. त्या काथ्याचं चऱ्हाट व्हायला दोन गोष्टी लागतात, महिने आणि बेताचा ताण. ताण अजिबात मिळाला नाही तर धागे पायाच्या दिशेनं लागत नाहीत. जास्त मिळाला तर पुन्हा तुटतात. म्हणून घोड्याला नुसता कुरणात सोडून देणं ही विश्रांती नाही. मोकळ्या कुरणात थरोब्रेड एका मिनिटात भरधाव सुटतो, आणि भरधाव पळताना हा टेंडन आधीच त्याच्या ताणण्याच्या मर्यादेला टेकलेला असतो.

दुखापत ताजी असेल तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ. दर वेळी वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, बर्फ आणि कातडी यांच्यामध्ये ओलं फडकं ठेवून. मग कापसाची जाड, सुरकुती नसलेली गादी आणि तिच्यावर फ्लॅनेलची पट्टी, सगळीकडे सारख्या ताणानं. एका ठिकाणी आवळलेली पट्टी टेंडनला स्वतःच इजा करते, त्यामुळे पट्टी बांधायला आधी चांगल्या पायावर, जाणकाराच्या हाताखाली शिका. पट्टी दिवसातून दोनदा सोडून पाय बघायचा. आणि पट्टी दोन्ही पुढच्या पायांना बांधायची, कारण दुखऱ्या पायाचा भार दुसरा वाहतोय. दुखणं फार असेल तर त्या दुसऱ्या पायाच्या खुरात लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांची सूज, होऊ शकतो, आणि तो मूळ दुखापतीपेक्षा घातक ठरतो.

वेदनाशामक डॉक्टरांच्याच सांगण्यानं, ठरल्या दिवसांपुरतं. ब्यूटनं, म्हणजे फेनिलब्युटाझोन या वेदनाशामकानं, सूज उतरते, पण लांबवर दिलं तर पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि घोडा दुखरा पाय जोरात टाकायला लागतो. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर जनावरांसाठी आपल्याकडे 2006 पासून बंदी आहे, कारण ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात. माणसांच्या औषधांच्या दुकानातून आणून ते टोचणारे अजून भेटतात, त्यांना थांबवा.

आणि डाग देऊ नका. तापलेल्या सळईनं पाय डागला की टेंडन घट्ट होतो, ही समजूत बैलांपासून घोड्यांपर्यंत चालत आली आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा रीतसर अभ्यास करून 1983 मध्ये निष्कर्ष मांडले, त्यात डागण्यामुळे टेंडन लवकर किंवा चांगला भरतो असं काही आढळलं नाही. डागलेला घोडा बरा होतो तो डागल्यानंतर त्याला सक्तीनं मिळालेल्या विश्रांतीमुळे. ती विश्रांती न डागता द्या. डागलेल्या पायांचे घोडे माझ्याकडे आलेत. त्यांचा पाय धरायला गेलं की ते थरथरतात, ते बघवत नाही.

तबेला बारा बाय बारा फुटांचा तरी हवा, उंच, हवेशीर, आणि समोर हालचाल दिसेल असा. खाली लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस, जाड थरात. लीद आणि ओला भाग रोज दोनदा काढायचा. एकटा कोंडलेला थरोब्रेड डोलायला लागतो, लाकूड कुरतडतो, आणि डोलणं म्हणजे दुखऱ्या पायावर रात्रभर हिसके. सोबतीला शांत घोडा मिळाला तर उत्तम, नाहीतर शेळी. आमच्या शेळ्यांनी घोड्यांसाठी जे केलंय ते कुठल्याही औषधानं केलं नसतं.

चंदीबद्दल सविस्तर सांगते, कारण इथे प्रेमापोटी चूक होते. शर्यतीचा घोडा भरपूर ओट्स, जव, हरभरा खाऊन रोज पळत होता. पळणं थांबलं आणि चंदी तशीच राहिली, तर ती ताकद डोक्यात आणि खुरात जाते. दाणा एकदम तोडायचाही नाही. आठ-दहा दिवसांत उतरवत आणायचा आणि तेवढा गवतानं भरून काढायचा. घोड्याचं वजन काट्याशिवाय काढता येतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 11,880 नं भागा. घेर 180 आणि लांबी 165 असेल तर 450 किलो. या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे नऊ किलोच्या आसपास वाळलेला चारा रोज हवा, आणि तो चार-पाच वेळा विभागून, कारण घोड्याच्या पोटात आम्ल सतत सुटतं आणि रिकामं पोट अल्सर वाढवतं. शर्यतीतून आलेल्या घोड्यांत अल्सर आधीच खूप असतात. त्यासाठी थोडी लसूणघास चांगली, तिच्यातल्या कॅल्शियममुळे आम्ल शमतं. गव्हाचा कोंडा मात्र मुठीनं, घमेल्यानं नाही. त्यात फॉस्फरस जास्त असतो आणि तो हाडांतलं कॅल्शियम ओढतो. कोवळी ज्वारी घोड्याला घालूच नका.  मीठ रोज दोन चमचे, पाणी सतत समोर. भीमथडीचं तट्टू ज्या चाऱ्यावर धडधाकट राहतं त्यावर थरोब्रेड वाळतो. वाळत असेल तर दाणा वाढवण्याऐवजी आधी दात, जंत आणि अल्सर तपासा, मग हळूहळू तेल सुरू करा.

नालबंद या सगळ्या प्रकरणात डॉक्टरांइतकाच महत्त्वाचा. ट्रॅकवरून आलेल्या बऱ्याच घोड्यांच्या खुराचा पुढचा भाग लांब आणि टाच बसलेली असते. असा खूर जमिनीवरून उशिरा सुटतो आणि प्रत्येक पावलाला टेंडन जास्त ओढला जातो. आमचे नालबंद चाचा आल्या आल्या अॅल्युमिनियमच्या पातळ नाला काढतात, आणि घोड्याला कडक जमिनीवर चालवून, तळवा सोसतो का ते बघून मगच ठरवतात. काहींना अनवाणी ठेवतात, काहींना लोखंडी नाल. मी एकदा म्हटलं, “चाचा, सगळं एकाच वेळी सरळ करून टाका की.” ते म्हणाले, “ताई, वर्षाचं वाकडं एका दिवसात सरळ केलं तर पाय रडतो.” खूर महिन्याला सेंटिमीटरच्या आतबाहेर वाढतो, म्हणजे पूर्ण नवा खूर यायला वर्षाच्या आसपास लागतं. दर चार ते सहा आठवड्यांनी थोडं थोडं, आणि तारीख चुकवायची नाही.

आता चालवणं. सूज आणि उष्णता उतरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की हातानं धरून चाल. सुरुवातीला दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं. दुसऱ्या महिन्यात एकूण चाळीस मिनिटांच्या आसपास, तिसऱ्या महिन्याअखेर तासभर. मग दुसरा स्कॅन. डाग भरत असेल तर चौथ्या महिन्यात, हलका स्वार असेल तर त्याच्यासह, तशीच चाल. चार-पाच महिन्यांनंतर दुडकी, तीही पाच मिनिटांनी सुरू करून दर दोन-तीन आठवड्यांनी पाच मिनिटं वाढवत. पुढचा स्कॅन चांगला आला तर आठव्या महिन्याच्या पुढे हलकी धाव. ही ढोबळ चौकट आहे. मोठ्या दुखापतीला प्रत्येक टप्पा लांबतो, आणि तो किती लांबवायचा ते स्कॅन बघून डॉक्टर ठरवतात.

चालवायची जमीन कडक आणि सपाट. आमचा मुरमाचा रस्ता याला फार चांगला, डांबरीही चालेल. नांगरलेलं रान, खोल वाळू, पावसातली काळी माती टाळा, खूर रुतला की टेंडन ताणला जातो. सरळ चाला, वळण मोठं घ्या. दोरीवर गोल गोल फिरवणं या काळात बंद. पहिल्या आठवड्यांत घोडा अंगावर येतो, मागच्या पायांवर उभा राहतो, कारण त्याला दोर लागला की पळायचं एवढंच शिकवलेलं आहे. हातमोजे, हेल्मेट, आणि पायात सँडल नाही, बूट. चालवायची वेळ रोज तीच ठेवा, शक्यतो अर्धा चारा खाऊन झाल्यावर. फारच उसळत असेल तर डॉक्टरांकडून सौम्य गुंगीचं औषध मागायला संकोचू नका. एका उडीत तीन महिने जातात, त्यापुढे ते इंजेक्शन काहीच नाही.

रोज सकाळी, चालवण्याआधी, पाय हातानं बघा. काल नव्हती ती ऊब आज हाताला लागली, की घोडा लंगडत नसला तरी एक पायरी मागे. ऊब आधी येते आणि लंगडणं नंतर, त्यामुळे तळहाताला कळलेलं डोळ्याला कळायच्या आधीचं असतं. रात्रभर उभं राहून चारही पाय सारखे भरले असतील आणि चालल्यावर ओसरत असतील तर घाबरू नका. एकाच पायात, एकाच जागी आलेली सूज वेगळी.

वेदना चेहऱ्यावरही दिसते. कान बाजूला आणि ताठ, डोळ्यावर ताण, नाकपुड्या आवळलेल्या, ओठ घट्ट. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 40 असते. काही न करता ती पन्नाशीवर राहत असेल तर तो सोसतोय.

पावसाळ्यात दोनदा खूर साफ करा. तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग काळा पडला, वास आला, तर कुजायला लागलाय. तो कोरडा करायचा, नालबंदाकडून सैल भाग काढून घ्यायचा आणि मोरचुदाचं सौम्य पाणी लावायचं, उघड्या मासाला न लागू देता. पाय सारखे धुऊ नका. चिखल वाळू द्या आणि मग ब्रशनं झाडा, ओली कातडी टाचेच्या वर फाटते. गोमाश्यांपासून जपा, सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग त्यांच्याकडून पसरतो. ताप आणि अशक्तपणा दिसला तर पायाचं सगळं थांबवून रक्त तपासा.

चौथ्या-पाचव्या महिन्यात घोडा देखणा होतो. खरारा केला की अंग चमकतं, पाहुणे विचारतात, “बसू का एकदा?” चालीपुरता ठरवलेला हलका स्वार सोडून सगळ्यांना तेव्हा नाही म्हणायचं. कुणाचंही मन राखू नका, घरातल्यांचंही नाही. छोटा पॅडॉक, म्हणजे कुंपणातली मोकळी जागा, या वेळी देता येतो, वीस-पंचवीस फुटांचा, जिथे वळता येईल पण धाव घेता येणार नाही.

सगळे घोडे स्वारीला परत येत नाहीत. सांध्यात हाडाचे तुकडे, झिजलेला गुडघा, दोन्ही पुढचे टेंडन गेलेले, असे घोडे कुरणात आरामात जगू शकतात आणि ते आयुष्य पूर्ण आहे. त्यांना स्वारीच्या घोड्यासारखं चालवत ठेवू नका. आणि नीट औषध, नाल, विश्रांती सगळं करूनही घोडा पाय टेकत नसेल, सतत आडवा पडत असेल, चारा सोडत असेल, तर डॉक्टरांशी त्याला शांतपणे निरोप देण्याबद्दल बोला. हा निर्णय मी घेतला आहे. उशीर केला असता तर ते माझ्यासाठी झालं असतं, त्याच्यासाठी नाही.

बरा झालेला घोडा पुढे कुणाला देणार असाल तर स्कॅनचे सगळे कागद, नालबंदाच्या तारखा आणि तुमची वही त्याच्याबरोबर द्या. वहीत रोज चार ओळी पुरतात: किती वेळ चालला, कुठल्या जमिनीवर, सकाळी पाय कसा होता, काय खाल्लं. लिहून द्या की उडी आणि शर्यत नाही, आणि पाच-सहा महिन्यांनी पुन्हा एक स्कॅन करायचा. जड स्वार, लग्नाच्या वराती किंवा किनाऱ्यावरच्या सवाऱ्यांसाठी मागत असतील तर देऊ नका. नवी व्यक्ती न्यायच्या आधी आठवडाभर रोज येऊन स्वतः पट्टी बांधून, पाय चाचपून दाखवते का ते बघा. जिला तेवढा वेळ नाही, तिच्याकडे पुढचं वर्षही नसतं.